देवीनं सोडवली

आईची पाळी तेहतिसाव्या वर्षीच गेली. निरगुडसरला आमच्या गल्लीत त्याचं कोण कौतुक! नवरात्रात घट बसवायचे, नैवेद्य करायचा, की बायका आईला बोलवायला हजर. "तिचं काय बाई, लवकर सुटली. देवीनंच सोडवली." आई मान ताठ करून जायची. माझी पाळी तेव्हा नुकती सुरू झालेली, मला तिचा हेवा वाटायचा.

आता मी एकतीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन येडगावला आले. मूल हवंय, आणि पाच महिने पाळीच नाही. पहिल्या महिन्यात सासूबाईंनी पेढ्यांचं विचारलंसुद्धा. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. म्हणाल्या, "अंडाशयाचं काम थांबत आलंय. आईची पाळी कधी गेली?"

मी हौसेनं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हे घराण्यातून आलेलं असू शकतं. जनुकांची तपासणी करू, पण दर वेळी कारण सापडतंच असं नाही. बहीण आहे? तिलाही दाखवा, वेळेत."

बहीण चोवीस वर्षांची, पुण्यात शिकते. लग्न एवढ्यात नको म्हणते, आणि तिच्या बाजूनं घरात भांडले होते मीच!

तशीच माहेरी गेले. आई भाकरी थापत होती. ऐकलं आणि उखडलीच. "काय बी बोलतीस! माझ्यात खोट व्हती तर तुमी दोघी कुठनं आल्या?" अठराव्या वर्षी मी, पंचविसाव्या वर्षी धाकटी. तिचं चुकलं म्हणावं तरी कसं? मग आवाज खाली आणून म्हणाली, "धाकटीला नको सांगू. सोयरीक जमायची न्हाई."

मला आईचा राग आला, मग स्वतःचा, मग कुणाचा तेच कळेना. ज्याचा गावभर मान मिळाला, ते दुखणं होतं?

एसटीत बसून धाकटीला फोन लावला. सांगायचं की नाही, तेही ठरलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तीच सुरू झाली, "ताई, लई भारी! दोन महिने पाळीच नाय. परीक्षेत कटकट नाय, सुटले बघ!"



"उद्या पहिल्या गाडीनं नारायणगावला ये," मी म्हटलं. "आणि आईला सांगू नकोस."