मेहुण्यांचा तमिळ सिनेमा

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर येथील समस्त जनतेस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की या तिन्ही गावांत आमच्या मेहुण्यांइतका निराश माणूस झाला नाही आणि होणार नाही. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका सिंधी शेटच्या कारखान्यात ते जीन्सचं कापड कापत आणि पहिली कात्री लावतानाच म्हणत, "साईं, ये पहली धुलाई में सिकुडेगी." लग्नाच्या मांडवात शिरले की आधी जवळचा दवाखाना विचारून घेत. आमच्या मुलीच्या बारशाला माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या बहिणीला, म्हणाले, "सुमे, नाव छोटं ठेव. दाखल्यावर चुकवणारच आहेत, निदान थोडं चुकेल."

त्यांचा जीव एकाच हिंदी मारधाडपटावर होता. दोन भाऊ, धाकटा वाईट संगतीला लागतो आणि शेवटी थोरल्याच्या मांडीवर प्राण सोडतो. मेहुण्यांनी तो सतरा वेळा पाहिला होता. गल्ली हसायची, आम्ही हसत नसू. त्यांचा धाकटा भाऊ बदलापूरला उल्हास नदीत बुडाला, तेव्हा ते काठावर त्याचे कपडे सांभाळत बसले होते. त्यांना पोहता येत नव्हतं. घरी ते कधी रडले नाहीत; थेटरात, शेवटच्या रिळाला, मोकळे व्हायचे. "त्याचं मरण लिहिलेलंच असतं, कोण काय करणार," एवढंच म्हणत आणि जरा हलके होऊन घरी येत.

अंबरनाथला रविवारी सकाळी तमिळ कामगारांसाठी त्यांच्या भाषेतले सिनेमे लागत. एकदा आमच्या शेजारच्या तमिळ अम्मा म्हणाल्या, "वो तुम्हारा दो भाईवाला पिक्चर हमारे तमिळ में भी बना है." मेहुण्यांनी लगेच अम्मांसकट चौघांची तिकिटं काढली आणि सुमनला व मला दोन-दोन रुमाल वाटले. तमिळचं अक्षर कळत नव्हतं, तरी प्रत्येक प्रसंग ते आधीच मराठीत जाहीर करत. "आता आई थोबाडीत देणार." दिली! पुढचा प्रेक्षक वैतागून वळला, "ओ अण्णा, तुम डायरेक्टर है क्या?"

शेवटी गोळी सुटली. धाकटा कोसळला. थोरल्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मेहुणे हुंदके देतच म्हणाले, "आता मान टाकेल, बघ."

त्याने मान टाकली नाही. थोरल्याने त्याला खांद्यावर घातलं, दहा गुंड लोळवले, जीप पळवली, आणि पुढच्याच दृश्यात धाकटा दंडाला पट्टी बांधून नाचत होता! थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. अम्मा अभिमानाने सांगू लागल्या, "हमारे इधर हीरो मरेगा तो पब्लिक खुर्ची तोडेगा!" मी हसत मेहुण्यांकडे वळलो. त्यांचं रडू अर्ध्यावर थांबलं होतं. इतकं सुखाचं गाणं एवढ्या भेदरलेल्या डोळ्यांनी बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. गाणं संपलं, शिट्ट्या विरल्या, आणि ते साऱ्या थेटराला ऐकू जाईल असं बोलून गेले, "म्हणजे वाचवता येत होता!"