विश्वासू बाईच्या बॅगेत अकरा विटा

हसू नका, असं मी आता कुणाला म्हणतच नाही. म्हणून उपयोग काय? निर्मलाताईंनी हा किस्सा अख्ख्या लेस्टरमध्ये घरोघर पोचवलाय, आणि त्यांच्या सांगण्यात मला म्हणे बेड्या घातल्या होत्या. साफ खोटं! बेड्या नव्हत्या. कुत्रा होता. चहा गार व्हायच्या आत खरं काय झालं ते माझ्या तोंडून ऐका, आणि मग तुम्हीच सांगा, माणसानं चिडू नये तर काय करावं?

तर माझ्याकडे एक कार्ड आहे. धाकटी बहीण न्यू जर्सीत असते, वर्षातून दोनदा माझी फेरी तिच्याकडे. तिथल्या सरकारची एक योजना आहे, ट्रस्टेड ट्रॅव्हलर. म्हणजे विश्वासू प्रवासी. अर्ज करा, दहा बोटांचे ठसे द्या, मुलाखत द्या. मग ते तुमच्या सात पिढ्या उकरून काढतात आणि ठरवतात, की हो, ही बाई सज्जन आहे. त्यानंतर विमानतळावर बाकीचं जग दोन-दोन तास क्यूमध्ये उभं, आणि तुम्ही दोन मिनिटांत बाहेर!

मला सांगा, आपल्या आयुष्यात कुणी असं लेखी दिलंय का, की तुमच्यावर आमचा विश्वास आहे? नवऱ्यानं दिलंय? मुलांनी दिलंय? मला अमेरिकेनं दिलं. फोटोसकट.

आमचे हे मात्र नियम आणि अटी वाचणारे. पिझ्झाच्या कूपनवरच्यासुद्धा वाचतात. ते म्हणाले, "विद्या, हे कार्ड साउथॅम्प्टनला चालत नाही. अमेरिकेतच चालतं."

"अहो, विश्वास हा विश्वास असतो," मी म्हटलं. "तो काय अटलांटिकमध्ये बुडतो?"

यावर ते गप्प बसले. मला वाटलं, पटलं. अठ्ठावीस वर्षं मला असंच वाटत आलंय.

आता साउथॅम्प्टन कुठून आलं? तर आम्ही पाच जण नॉर्वेच्या क्रूझला निघालो होतो. मी, हे, आमच्या क्रॉयडनचेच मिलिंद आणि सुनंदा गायकवाड, आणि लेस्टरच्या निर्मलाताई, रिटायर्ड नर्स, वय पंचाहत्तर, आवाज पंचवीसचा. बुकिंग दहा महिने आधीचं. आणि नेमकी ज्या रविवारी सकाळी बोट परत लागणार, त्याच रविवारी दुपारी साडेबाराला आमच्या घरी कोण येणार? आमचे होणारे व्याही!

माझी मुलगी सई केंब्रिजच्या बेन नावाच्या मुलाशी लग्न करणार म्हणते. मुलगा गुणी आहे, वरण-भात हातानं खातो. त्याचे आईवडील लग्नाचं ठरवायला पहिल्यांदाच क्रॉयडनला येणार होते. मी तिथं असायलाच हवं होतं की नाही? माझं सगळं ठरलेलं. लेस्टरला हॉल. आधी बुद्धवंदना, मग जेवण, तीनशे माणसं, त्यात कमी करायचं तर फार तर दोनशे नव्वद. हे सगळं त्या केंब्रिजकरांच्या गळी उतरवायचं म्हणजे समोर मीच हवी. आमच्या ह्यांना पाठवलं तर ते चाळीस माणसांवर सही करून येतील.

सई म्हणाली, "आई, लंच पुढच्या मंथला ढकलू या का? शिप लेट झाला तर?"

"बोट आठला रिकामी होते. साडेदहाला मी घरी. फ्रीजरमध्ये सगळं करून ठेवलंय. आणि क्यूचं म्हणशील तर मी ट्रस्टेड आहे!"

"आई, ते कार्ड..."

"तू बापावर गेलीयस," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

नॉर्वे सुंदर आहे. डोंगर आहेत, पाणी आहे, डोंगरावरून पडणारं पाणी आहे. पण आमचा घात केला तो बर्गनच्या बाजारानं. तिथं तपकिरी रंगाचं बकरीच्या दुधाचं चीज मिळतं. दुकानदारानं एक चकती निर्मलाताईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि भर बाजारात ओरडल्या, "अगं, हा तर कंदी पेढा!"

संपलं! मीही खाल्लं. खरंच हो, कंदी पेढाच! साताऱ्याची आठवण येऊन सुनंदाच्या डोळ्यांत पाणी. पुढच्या दहा मिनिटांत आम्ही अकरा विटा घेतल्या. विटाच म्हणते, कारण आकारच तसा. आमचे हे मागून म्हणत होते, "दुधाचे पदार्थ इंग्लंडमध्ये न्यायला चालत नाहीत, मी वाचलंय." पण ज्या माणसानं पिझ्झाचं कूपनही वाचलंय, त्याचं कुणी ऐकायचं?

आता प्रश्न आला, न्यायचं कसं. परदेशातल्या मराठी माणसाची बॅग कधी त्याच्या एकट्याची असते का? 'तुमच्या बॅगेत जरा जागा आहे का हो' हे वाक्य ऐकल्याशिवाय आपण कधी प्रवासाला निघालोय का? सुनंदा माझ्या केबिनमध्ये आली.

"विद्या, तुझी बॅग उघडत नाहीत ना?"

"मी ट्रस्टेड आहे," मी म्हटलं. स्वतःच्या तोंडानं म्हटलं! दोष देऊ तरी कुणाला?

झालं. अकराच्या अकरा विटा माझ्या बॅगेत. मिलिंदनं त्या आधी स्वतः बांधल्या. हा माणूस वीस वर्षं नागपूरला पार्सलं पाठवतोय, त्याच्या बांधणीत हवासुद्धा शिरत नाही. वर्तमानपत्र, प्लास्टिक, त्यावर खाकी टेप, पुन्हा प्लास्टिक, पुन्हा टेप. मग जागा उरली म्हणून त्याचे थर्मल. मग त्याच्या बीपीच्या गोळ्या. निर्मलाताईंची नवी कवळी हिरड्यांना टोचत होती, म्हणून जेवण झालं की त्या ती काढून डबीत ठेवायच्या. उतरायच्या दिवशी नाश्ता झाल्यावर ती डबीही आली. "तुझ्याकडेच सुरक्षित, गं."

बोट वेळेवर लागली. अगदी मिनिटावर! साडेआठला आम्ही बॅगा ओढत कस्टम्सच्या हिरव्या दारातून निघालो. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्यांचं ते दार. दोन हजार माणसं झरझर बाहेर पडत होती. कडेला एक अधिकारी बाई उभी होती, तिशीची असेल, जांभई देत होती. कुणाला अडवत नव्हती, कुणाकडे बघतही नव्हती. मिलिंद गेला, सुनंदा गेली, ताई गेल्या, हेसुद्धा गेले.

आणि मी?

माझ्या हातात कार्ड होतं हो. सकाळपासून धरलं होतं. घामानं ओलं झालेलं. आणि ती बाई माझ्याकडे ढुंकूनही बघेना! म्हणजे ज्यांनी बोटांचे ठसे दिले नाहीत, मुलाखत दिली नाही, असे हाफ पँट घातलेले बाप्ये ज्या दारानं चाललेत, त्याच दारानं मीही निमूट जायचं? मग विश्वासू असण्याला अर्थ काय उरला?

मी थांबले. मागे वळले. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"एक्स्क्यूज मी, तुम्ही माझं कार्ड बघितलं नाहीत."

"कसलं कार्ड, मॅडम?"

मी दिलं. तिनं उलटंसुलटं केलं. "हे अमेरिकेचं आहे."

"हो. तुम्हाला माझी बॅग उघडावी लागू नये, म्हणून दाखवतेय."

आता या वाक्यात वाईट काय आहे, सांगा ना! किती साधं, मदतीच्या भावनेनं म्हटलेलं वाक्य! पण त्या बाईची जांभई अर्ध्यात थांबली.

"मी ती उघडणारच नव्हते, मॅडम," ती अतिशय प्रेमळपणे म्हणाली. "आता मात्र उघडायला हवी."

इंग्रजांचा हा प्रेमळपणा फार वाईट. आपल्याकडचा हवालदार निदान ओरडतो, मग आपल्यालाही ओरडता येतं.

"बॅग तुम्हीच भरलीत?"

"अर्थात!"

"कुणी काही ठेवायला दिलं होतं?"

या प्रश्नाला 'हो' म्हणणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. "छे!"

चेन उघडली. वरच्या रांगेत सहा, खालच्या रांगेत पाच. खाकी टेपमध्ये घट्ट बांधलेल्या अकरा विटा. मी स्वतः त्या पहिल्यांदाच तिच्या नजरेनं बघितल्या, आणि खरं सांगते, मीसुद्धा मला अटक केली असती.

"हे काय आहे?"

"मिठाई."

"इतकी पॅक केलेली?"

"आम्ही मिठाईला जपतो."

तिनं हात वर केला. कुठून तरी एक साहेब आले. दुसरे आले. मग एक स्पॅनियल कुत्रा आला. गोड चेहऱ्याचा, लांब कानांचा. बॅगेपाशी आला, एकदा हुंगलं, आणि खाली बसला. मला वाटलं, दमला बिचारा. नंतर कळलं, तो बसला की माल सापडला असं समजायचं!

मला आत नेलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं प्रेमळपणे. मग एकेक विटेची टेप कापायला सुरुवात. मिलिंदची बांधणी! एका विटेला बारा मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं. पावणेदहा.

"अहो, माझ्याकडे व्याही यायचेत!" मी म्हटलं. व्याही म्हणजे काय हे समजावण्यात आणखी पाच मिनिटं गेली.

मग तिनं मिलिंदचे थर्मल उचलले. डबल एक्सएल, पुरुषांचे. "हे तुमचे?"

"मला थंडी फार वाजते."

"आणि या गोळ्या? यावर मिस्टर गायकवाड लिहिलंय."

"तेही थंडीचंच."

मग डबी. उघडली. आत कवळी, वरची आणि खालची, माझ्याकडे बघून हसतेय. मी तोंड मिटून घेतलं. माझे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत हो!

"हे दात तुमचे, मॅडम?"

आता माघार कशी घ्यायची? "स्पेअर आहेत," मी म्हटलं.

त्या बाईनं पहिल्यांदाच खाली बघितलं. तिचे खांदे हलत होते. आणि नेमक्या त्याच क्षणी दार ढकलून निर्मलाताई आत शिरल्या. मागे एक साहेब त्यांना अडवतोय, पण चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला अडवणं सोपं आहे का? बोळक्या तोंडानं गरजल्या, "विद्या! माझे दात कुठायत? मला कॉफीबरोबर बिस्किट खायचंय!"

पुढचं विचारूच नका. मिलिंदला बोलावलं, सुनंदाला बोलावलं, ह्यांना बोलावलं. प्रत्येकाला वेगळं बसवून तेच प्रश्न. मिलिंद म्हणाला चीज सुनंदाचं, सुनंदा म्हणाली ताईंचं, ताईंनी दात बसवले आणि म्हणाल्या, "मी तर फक्त चव घेतली." एकट्या ह्यांनी शांतपणे सांगितलं, "मी यांना आधीच सांगितलं होतं. नियमही दाखवला होता." त्या बाईनं ह्यांना चहा दिला. मला पाणी, ह्यांना चहा!

मी उसळले. "अमेरिकेचा माझ्यावर विश्वास आहे! आणि ज्या देशात मी अठ्ठावीस वर्षं कौन्सिल टॅक्स भरला, त्या देशाचा नाही?"

"आमचा होता, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही परत वळेपर्यंत."

अकरा विटा डोळ्यांदेखत मोठ्या डब्यात गेल्या. फॉर्म भरले, ताकीद मिळाली, सुटलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गाडीत बसल्यावर मिलिंद म्हणाला, "वहिनी, तुम्ही नुसत्या चालत राहिला असतात तर..." सुनंदानं त्याला कोपर मारलं. त्यात मोटरवेवर जॅम. मी सईला मेसेज पाठवत होते: निघालो. पोचतोच. दहा मिनिटं. पुन्हा दहा मिनिटं. जेवण गरम ठेव. हॉलचा विषय काढू नकोस, मी आल्यावर काढते!

सव्वातीनला मी दारात. आत शांत. सिंकमध्ये धुतलेल्या ताटल्या. सई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, चेहरा असा फुललेला, की मी घाबरलेच.

"गेले?"

"दोनलाच गेले. आई, सगळा ठरलं! जूनमध्ये, केंब्रिजला, रजिस्टर ऑफिस. चाळीस माणसं. त्याची आई इतकी रिलीव्ह झाली! ती म्हणाली, तिला वाटत होतं हे मीटिंग खूप डिफिकल्ट होणार."

"का? डिफिकल्ट का?"

सईनं बापाकडे बघितलं. बापानं छताकडे.

"चाळीस? अगं, माझ्या एकटीच्या मैत्रिणी चाळीस आहेत! वंदना? हॉल? मी नसताना कसं काय ठरवलंत?"

"वंदना आहे ना आई, घरीच, सकाळी. आणि तू नव्हतीस म्हणून तर दीड तासात ठरलं," सई म्हणाली, आणि उठून तिनं मला घट्ट मिठी मारली. "तुझ्यावर चिडले नाही मी. खरंच. उलट थँक यू." मग जरा थांबून, अगदी त्या कस्टम्सवाल्या बाईसारखं प्रेमळ हसून तिनं विचारलं, "आई, लग्न शनिवारी आहे. त्याच सकाळी परत येणारी एखादी क्रूझ बुक करून देऊ का तुला?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांत ज्या माणसानं नियम वाचल्याशिवाय कशालाही होकार दिला नाही, तो एका सेकंदात म्हणाला,

"कर."