साडूभाऊ एकटे जाऊन आले

जगात एकट्यानं करण्यासारखं एकही काम नाही असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मित्र आपण पारखून घेतो, शेजारी निदान घर घेताना बघून घेतो. साडू मात्र बायकोच्या बहिणीबरोबर आपोआप येतो आणि आला तसा जन्मभर राहतो. माझ्या लग्नात मी अंतरपाटामागे घाम पुसत उभा होतो. तेवढ्यात बिडकीनच्या काळ्या रानात वाढलेला एक उंचापुरा गृहस्थ माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "बरं झालं तुम्ही आलात. या घरात दोन वर्षं मी एकटाच जावई होतो. लई अवघडल्यासारखं व्हायचं." वयानं ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे, पण त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना साडूभाऊच म्हणत आलो. आणि त्या दिवसापासून त्यांनी मला सोबतीला धरलं ते धरलंच.

बत्तीस वर्षं ते एका शाळेत पीटीचे मास्तर होते. सकाळी मैदानावर शेकडो मुलं, दुपारी शेकडो मुलं, संध्याकाळी खो-खोचा संघ. सदा गर्दीत वावरलेल्या माणसाला एकांत हा आजार वाटला तर नवल नाही. आवाजही मैदानाच्या मापाचा. ते मला फोन करायचे तेव्हा मधे फोन नसता तरी चाललं असतं, कारण सिडकोत आमची घरं दोनच गल्ल्यांच्या अंतरावर आहेत. केस कापायला औरंगपुऱ्यात जायचं तर मी बरोबर हवा. मी मागच्या बाकावर बसायचं आणि आरशातून 'अजून थोडे' किंवा 'बास' अशी मान हलवायची. कढीपत्ता आणायला मी हवा, चपलेचा अंगठा शिवायला मी हवा. दाढ काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं, तर यांनी उघड्या तोंडानंच असा काही गलका केला की डॉक्टरांनी मुकाट्यानं माझ्यासाठी स्टूल मागवलं. एकदा त्यांचं रक्त तपासायचं होतं. मला म्हणाले, "तुम्ही रिकामं बसून काय करता? तुमचंबी देऊन टाका." मी दिलं. त्यांचं सगळं निर्मळ निघालं आणि मला साखर निघाली. घरी येईपर्यंत ते असे हळहळत होते की जणू ती त्यांनीच माझ्या रक्तात टाकली होती. दारात थांबून त्यांनी जाहीर केलं, "आजपासून मीबी बिनसाखरेचाच चहा पिणार. तुम्ही एकटे कशाला?" हा शब्द त्यांनी आजतागायत पाळलाय.

आता या साखरेच्या आणि दाढेच्या गोष्टी सांगताना मला हसू येतं. पण तेव्हा मी कितीदा तरी दार वाजलं की बायकोला खुणेनं 'नाही म्हणून सांग' असं सांगितलेलं आहे, हेही कबूल केलं पाहिजे. ते अखंड बोलत. शाळेतल्या प्रत्येक सामन्याची हकिगत मला इतक्या वेळा ऐकून पाठ झाली होती की एखादा तपशील ते विसरले तर मी पुरवायचो. त्यावर ते खूश होऊन ती हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

त्यांच्या मनात एक प्रवास फार वर्षांपासून होता. लहानपणी बिडकीनहून वडिलांबरोबर पैठणला गेले असताना त्यांनी गोदावरीकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हे पाणी जातं कुठं?" वडील म्हणाले, "खाली." या उत्तरानं त्यांचं समाधान झालं नाही ते साठी उलटली तरी झालं नाही. पैठणपासून नदीच्या काठाकाठानं मोटारसायकलवर निघायचं आणि ती समुद्राला मिळते तिथवर जायचं. गाडी ते चालवणार, मागं मी बसणार. मी वर्षानुवर्षं "जाऊ की" म्हणत आलो, कारण दोघांच्याही नोकऱ्या असेपर्यंत 'जाऊ की' म्हणण्यात काही धोका नव्हता. मग ते निवृत्त झाले, गेल्या वर्षी मीही झालो, आणि एका रविवारी ते नकाशा घेऊनच घरी आले.

दिवस ठरला. आणि निघायला दोन दिवस उरले असताना माझी पाठ दुखायला लागली. खरं म्हणजे पाठ ठणठणीत होती. सतरा-अठरा दिवस, सकाळी दात घासण्यापासून झोपेपर्यंत तो आवाज माझ्या पुढ्यात, एवढ्याच कल्पनेनं माझा धीर सुटला. मला वाटलं, मी नाही म्हटल्यावर ते बेत रद्द करतील. ते पाठीचा पट्टा आणि तिळाचं तेल घेऊन आले, मला पालथं झोपवलं आणि अर्धा तास माझी न दुखणारी पाठ चोळत बसले. माझं तोंड उशीत होतं, म्हणून बरं. तेल पुसता पुसता ते म्हणाले, "तुम्ही आराम करा. मी जाऊन येतो." मी दचकून मान वर केली. "एकटे?" तर म्हणाले, "व्हय. गाडी तपासून देणारा मिस्त्रीचाचाबी हेच बोलला. म्हणला, गाडी को कुछ नै होता मास्टर, तुम अकेले कैसा रहते वो देखो." आणि ते हसले, पण ते हसणं काही मैदानाच्या मापाचं नव्हतं.

पहिले दोन दिवस त्यांचे दिवसाला आठ-आठ फोन आले. गंगाखेडला भजी कशी होती, नांदेडला पूल कसा आहे, कुठल्या टपरीवाल्याचा भाऊ आमच्या सिडकोत राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिठाच्या गिरणीतून दळण आणलं आणि तो डबा खांद्यावर घेऊन दोन मजले चढून गेलो, तर वरती माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, बसलेली. तिनं डब्याकडे पाहिलं, माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाठ बरी दिसती." बस, एवढंच. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद झाले. रोज सायंकाळी मेसेजमध्ये एकच शब्द यायचा, 'पोचलो'. कुठं पोचले, कसे पोचले, काही नाही. आयुष्यभर ज्या शांततेसाठी मी तळमळलो ती मिळाली होती, आणि मी तासातासाला फोन उचलून बघत होतो.

ते परत आले तेही कळवलं नाही. मेव्हणीच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते अंगणात गाडी पुसत होते. चेहऱ्याचा रंग करपला होता, दाढी वाढली होती. बिनसाखरेचे दोन चहा आले आणि आम्ही पायरीवर बसलो.

"पाठ कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"साडूभाऊ, पाठीला काहीच झालं नव्हतं."

"ठाऊक आहे. नांदेडलाच कळलं मला."

त्यांनी बशीत चहा ओतला. "चिडलो ना. नांदेड सोडल्यापासून बासर येईपर्यंत तुम्हाला लई शिव्या घातल्या. हेल्मेटच्या आत. पण हेल्मेटमधी एक होतं बघा, आपला आवाज आपल्याच कानात घुमतो. बोलणारा मी अन् ऐकणारा बी मीच. शिव्या संपल्या, मग मी शाळेच्या गोष्टी काढल्या, मग त्या खो-खोच्या फायनलची गोष्ट. धर्मपुरीच्या पुढं एका चिंचेखाली गाडी उभी केली, हेल्मेट काढलं अन् स्वतःलाच म्हणलो, अरे, किती बोलतोस! एका माणसानं हे तीस वर्षं ऐकलं. त्यानं दोन-तीन हप्ते सुट्टी घेतली तर काय चुकलं त्याचं?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. नाय म्हणू नका आता." ते हसले. "पुढं मग गपच गेलो. भद्राचलमला दोन दिवस घाटावर बसून राहिलो. एकट्यानं जेवलो, एकट्यानं फिरलो. मला वाटत होतं, एकटं राहिलं की माणूस मरतो. नाय मरत. उलट, आतमधी कुणीतरी एक जण असतो, लई गरीब, लाजाळू. माझ्या दंग्यात त्याला कधी बोलताच आलं नव्हतं."

मी विचारलं, "आणि समुद्र?"

त्यांनी बशी पायरीवर ठेवली. "राजमहेंद्रीच्या पुढं नदीला फाटे फुटतात. त्यातला एक धरून गेलो. शेवटी वाळू, अन् त्याच्यापुढं पाणीच पाणी. नदी कुठं संपली तेबी कळत नाय. मला लई भरून आलं. मागं वळलो अन् म्हणलो, साडूभाऊ, बघा, आपलं पाणी पोचलं. अन् मागं तर कुणीच नव्हतं. एक म्हातारी मासे वाळवत होती. मग तिलाच सांगितलं. पैठण, बिडकीन, माझे वडील, सगळं मराठीतून. तिनं तेलुगूतून काय काय विचारलं. अर्धा तास बोललो आम्ही. तिला सगळं कळलं, असं मला वाटतं."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी चहा अजून उरल्याचं नाटक करत कपात बघत राहिलो.

या गोष्टीला आता काही महिने झाले. साडूभाऊ केस कापायला एकटे जाऊन येतात, पैठणला नाथसागर धरणाच्या काठावर एकटे बसून येतात. भेटतात, विचारपूस करतात, आणि मी घरी जायला उठलो की पूर्वीसारखे हाताला धरून खाली बसवत नाहीत. मला मात्र करमत नाही. एकदा धीर करून म्हणालो, "पुढच्या वेळी मी येतो, खरंच येतो." ते म्हणाले, "या की. पण आधी एकदा एकटे कुठंतरी जाऊन या. जवळ का असेना. मग आपण जोडीनं जाऊ."

मागच्या आठवड्यात मी गेलो. फार लांब नाही, बसनं सोयगावपर्यंत. तिथून पुढं चालत एका टेकाडावर चढलो. खाली कापसाची शेतं होती, पलीकडे डोंगराची निळसर रांग होती, वारा होता. पंधरा मिनिटं मी कसाबसा बसलो. माझ्या आतल्या माणसानं काही तोंड उघडलं नाही, की मलाच ऐकू आलं नाही कोण जाणे. शेवटी मी फोन लावला. पलीकडून हळू आवाजात ते म्हणाले, "बोला साडूभाऊ, मी ऐकतोय."

सांगण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. तरी परतीच्या बसची वेळ होईपर्यंत मी बोलत राहिलो.