दुधनीच्या वाटेसाठी टायर

निंगप्पाच्या मते माणसांमधल्या निम्म्या अडचणी रस्त्याच्या असतात. कुणी लग्नाला आलं नाही तर रस्ता खराब असेल, कुणी फोन उचलला नाही तर तो गाडीवर असेल. तीस वर्षं स्टेअरिंग धरलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं, त्याला कोण काय करणार! म्हणून त्याची मुलगी पायल वर्षभर जेव्हा जेव्हा म्हणाली, “आप्पा, इतक्यात येऊ नगा, वस्तीचा रस्ता लई बेकार हाय, गाडी फसंल,” तेव्हा त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्यानं सरळ रस्त्यावर इलाज शोधायला घेतला.

तो कुंभारीत दोन खोल्यांत एकटा राहतो. सकाळी चिंचोळी एमआयडीसीतून सुताची पोती पिकअपमध्ये भरायची, सोलापुरातल्या कारखान्यांवर उतरवायची आणि येताना चादरींचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला टाकायचे, हा त्याचा दिवस. संध्याकाळी कुलूप काढताना तो अजून दारात खाकरतो. आत बायको असताना लागलेली ती सवय आहे. विजयमाला जाऊन तीन वर्षं झाली, तरी घसा काही ऐकत नाही. कुकरमध्ये एका माणसाचा भात त्याला अजून जमत नाही. उरतो, तो सकाळी फोडणी देऊन खातो. रविवारी पायलला फोन करतो. “जेवलाव का?” “जेवलो की.” “तब्येत?” “बरी हाय.” दोन मिनिटांत बोलणं संपतं, आणि मग उरलेला रविवार त्याच्या अंगावर येतो.

विजयमाला गेली त्या दिवशी निंगप्पा सूत घेऊन कलबुर्गीला होता. दवाखान्यात आईजवळ पायल होती. तिनं फोन केला, “आप्पा, आसाल तसं निगा.” पण माल उतरल्याशिवाय गाडी वळवायची नाही, हा निंगप्पाचा नियम. त्या नियमासाठी तर व्यापारी त्याला मानायचे. तो म्हणाला, “माल उतरवतो आन् निगतोच.” हमाल जेवायला गेले होते. दोन तास गेले. तो पोचला तेव्हा बायकोच्या तोंडावरून चादर ओढली होती. पायल त्याला एका शब्दानं बोलली नाही. तिनं समजून घेतलं, असं निंगप्पा धरून चालला. एरवी शहाणा माणूस, पण इथं पार चुकला.

पायल दुधनीच्या पलीकडे, रानातल्या वस्तीवर नांदते. गेल्या वर्षी उसाच्या दिवसांत तो तिच्याकडं गेला होता. ट्रॅक्टरांनी उसाच्या ट्रॉल्या ओढून वाटेला इतक्या खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या की मधला वरंबा पिकअपच्या पोटाला लागला. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. जावई आदिनाथनं ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. तेव्हा निंगप्पानं तुरीची एक काठी बरोब्बर त्या वरंब्याच्या उंचीला मोडली आणि सीटमागं टाकली. वर्षभर ती काठी त्याच्यासोबत फिरत होती. शेजारच्या सीटवर बसायला तसंही दुसरं कुणी नव्हतं.

येळ अमावस्येला आठवडा उरला तेव्हा तो काठी घेऊन अक्कलकोट रोडला मौलालीच्या टायरच्या दुकानात गेला. मौलाली त्याचा जुना ओळखीचा. मौलालीनं काठी मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्याखाली धरून पाहिली. काठी अडीच इंच जास्त भरली.

“ह्येवढी गाडी वर पायजे,” निंगप्पा म्हणाला.

“भाऊ, टायर दोन इंच मोठा घेतला तर गाडी एकच इंच उचलते. दुसरा इंच वरच्या अंगाला जातो.”

हे गणित निंगप्पाला मुळीच आवडलं नाही. मौलालीनं तीन टायर ओळीनं उभे केले. पहिला नेहमीच्याच मापाचा, पण जाड गट्ट्यांच्या नक्षीचा. चिखलात धरेल, पण उंची काहीच देणार नाही. तिसरा एवढा दांडगा, की पुढं चढवून स्टेअरिंग पूर्ण वळवलं तर मडगार्डला खराखरा घासू लागला. निंगप्पाचा जीव त्या तिसऱ्यावरच. तो टायरभोवती दोनदा फिरला, गट्ट्यांत बोटं घालून पाहिली. बाजारात बैल बघायला आल्यासारखा नुसता घुटमळत राहिला.

“ह्यो मधला, दोन इंच मोठा घ्या,” मौलाली म्हणाला. “स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवतो, म्हंजे घासणार नाय. दीड इंच मिळंल.”

“एक इंच कमी पडतो की.”

“मग?”

“एक चाक वरंब्यावर चढवून हाकीन. एका इंचाचं मी बगतो.”

मौलालीला राहवलं नाही. “पण सूत वाहायला ह्ये कशाला? डांबरीवर ह्यो टायर नुसता गुरगुरतो. डिझेल खातो. रिकामी गाडी उसळंल ती वेगळीच.”

“पोरीकडं जायाचं हाय,” निंगप्पा म्हणाला. हे सांगताना त्याला इतकं बरं वाटलं, की गरज नसताना त्यानं ते पुन्हा एकदा सांगितलं.

एमआयडीसीत त्याची भरपूर टिंगल झाली. “निंगप्पा, सुताची गिरणी डोंगरावर नेली काय रं?” सुताची पोती आता दोन बोटं वर चढवावी लागतात म्हणून हमाल कुरकुरले. निंगप्पा हसून घ्यायचा. पायलला मात्र त्यानं काही कळवलं नाही. येळ अमावस्येला दुधनीकडची माणसं रानात कडब्याची खोप करतात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील आणि बाजरीचे वाफवलेले उंडे घेऊन सगळं घर तिथंच जेवतं. त्या दिवशी रानात आलेल्याला, तुला कुणी बोलावलं होतं का, असं कुणी विचारत नाही. निंगप्पाचा सगळा भरवसा त्या रिवाजावर आणि चार टायरांवर होता.

अमावस्येला सकाळीच तो निघाला. दुधनी ओलांडून फाट्याला वळला आणि ब्रेक दाबला. समोर काँक्रीटचा रस्ता होता. कडेला मुरूम दाबलेला, मधे ना चाकोरी ना वरंबा. आपण फाटा चुकलो असं त्याला वाटलं. काठी हातात घेऊन तो खाली उतरला, आणि मापायला काही नाही म्हणून तसाच उभा राहिला. एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. त्याला विचारलं.

“व्हय, वस्तीचाच रस्ता ह्यो. दसऱ्याच्या आदी झाला की.”

पायल दिवाळीत म्हणाली होती, रस्ता बेकार हाय. मागच्या रविवारीही म्हणाली होती. निंगप्पानं दोन्ही फोन मनात नीट लावून पाहिले. मग त्याला कळलं, अडचण रस्त्याची नव्हतीच. एवढं वाईट त्याला दवाखान्यातही वाटलं नव्हतं, कारण तिथं पोरगी शेजारी उभी होती. गाडी वळवावी असं त्याच्या मनात आलं. पण आणलेले पेरू आणि पोरीचं लुगडं सीटवर होतं, आणि माल उतरल्याशिवाय परतायची त्याला सवय नव्हती. तो पुढं निघाला.

खोपीपाशी पंधरावीस माणसं होती. आदिनाथनं धावत येऊन हात धरला, बसायला घोंगडी टाकली. पायलनं “आप्पा?” एवढंच म्हटलं आणि वाढायला वाकली. जेवणं सुरू झाली. आदिनाथ मनानं मोकळा, त्याला आतलं काही ठाऊक नव्हतं.

“मामा, रस्ता कसा वाटला? आता बाराही महिने या. पायलनं सांगितलं आसंलच की.”

पायलच्या हातातला भज्जीचा पळा तसाच थांबला. सगळं रान तिच्याकडं बघत नव्हतं, पण तिला तसं वाटलं असणार.

“सांगितलं की,” निंगप्पा म्हणाला. “कवाच सांगितलं. मलाच सवड न्हाय.”

“मग ह्ये ट्रॅक्टरवाणी टायर कशाला घेतलाव?”

“मुरमाच्या खाणीचं काम मिळालंय,” निंगप्पा म्हणाला आणि उंडा कुस्करू लागला. जन्मात खोटं बोलायची वेळ त्याच्यावर फारशी आली नव्हती, त्यामुळं ते त्याला नीट जमलंही नाही. आदिनाथनं मात्र खाणीची चौकशी मन लावून केली.

ऊन कलल्यावर तो निघाला. पायल डबा घेऊन गाडीपर्यंत आली. तिनं टायरच्या गट्ट्यावर पायाची बोटं टेकवली.

“खाणीचं काम न्हाय न्हवं?”

“न्हाय.”

“हितं यायला घेतलाव?”

“व्हय.”

तिनं पाय मागं घेतला. मग एका दमात म्हणाली, “आप्पा, मला अजून राग हाय. तुमी सूत उतरवत बसलाव आन् ती सारकी दाराकडं बगत हुती. तुमी दिसलाव की मला त्येच दिसतंय. जाईल का न्हाय ठावं न्हाय.”

निंगप्पानं डबा शेजारच्या सीटवर ठेवला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत.

“आसू दे,” तो म्हणाला. “राग हाय तर राग हाय म्हन. मी गप घरी बसंन. पर रस्ता खराब हाय म्हनू नगं, बाळ. मग मी रस्त्याच्याच मागं लागतो.”

पायलनं मान हलवली. या म्हणाली नाही, येऊ नका असंही म्हणाली नाही. निंगप्पानं गाडी सुरू केली आणि तो कुंभारीला निघाला.