खडूची खूण

"तुला घाई नाही, मलाही नाही. घाई फक्त साहेबांना," आखातातल्या बरका गावच्या गॅरेजमधले चाचा टायरला सांगत होते. साहेब म्हणजे माझे बाबा. त्यांच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, बागेतला जुना, छोटा ट्रॅक्टर पुन्हा चालवायचा होता, आणि त्याची पुढची दोन चाकं काही जुळत नव्हती.

चाचा रत्नागिरीचे. टायरवर छापलेल्या नंबरावर त्यांचा विश्वास नाही. दोन्ही चाकांच्या तळाशी ते खडूने खूण करतात आणि दोन हातांनी दोन्ही चाकं भिंतीपर्यंत लोटत नेतात. तिथे खुणा एकाच जागी आल्या, तर जोडी जमली. वाटेत "यल्ला, चल नवरदेव, मागे राहू नको," असं चालूच असतं. मग चष्मा पुसून मला म्हणतात, "बाय, तू बघ गो. तुझे डोळे नवे."

मागच्या शुक्रवारी बाबांनी चाचांच्या मागून डोळे वटारले, आणि मी 'जुळली' म्हणून नुसती मान हलवली. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत चालला. चाचांनी चाकं पुन्हा उतरवली आणि हसत म्हणाले, "माझीच नजर म्हातारी झाली, साहेब."

आज त्यांनी दुसरा टायर आणला होता. चाकं भिंतीशी थांबली.

"चालेल हो," बाबा म्हणाले. "बागेतच फिरवायचाय, शर्यतीत नाही."

चाचा चष्मा पुसत माझ्याकडे बघत होते.

"चाचा, डाव्या चाकाची खूण मागे आहे," मी म्हटलं. "मागच्या वेळीही होती. मला दिसली होती."