निजामुद्दीनचाचांची जाळी

दार आपल्यामागे लोटून घ्यावं, ही सवय मला आईनं कान धरून लावली. त्या संस्कारापायी मी तीन माणसं पिंजऱ्यात कोंडली. त्यातला एक मी.

निजामुद्दीनचाचा वणीत ट्रकच्या बॉड्यांना वेल्डिंग करता करता म्हातारे झाले आणि गावी परतले. गाव कोळसाखाणीच्या कडेला. खाणीतून उकरलेली माती गावामागे ओतून ओतून तिचे डोंगर झालेत. त्यांवर विलायती बाभळी माजल्या, बाभळींत डुकरं आली आणि डुकरांमागून वाघ. माणसानं रचलेला डोंगर वाघाला पसंत पडला. त्यामुळे चाचांना म्हातारपणी नवा धंदा मिळाला. अंगणाला जाळी, गोठ्याला जाळी, नळालासुद्धा जाळी. गावात आता माणसं पिंजऱ्यात बसून भांडी घासतात आणि वाघ हिंडायला मोकळा. चाचांचं सगळं मोजमापही वाघाच्या अंगानं. उंची विचारली तर म्हणायचे, "त्याची उडी जाते, त्याच्या वर."

स्वतःच्या अंगणाची जाळी मात्र गावातल्या सगळ्यांची झाल्यावर, त्या दिवशी सकाळी उभी राहिली. माझ्या ओट्यालाही तशीच हवी होती, म्हणून शाळा सुटल्यावर बघायला गेलो. आत शिरलो, दार लोटलं. बाहेरची कडी खाडकन आपोआप पडली.

चाचांनी दाराकडे पाहिलं. "आतली खिटी उद्या लावणार होतो, सर."

"मग बाहेरची आधी का लावलीत?"

"सवय. एका ठेकेदाराले वाघ धरायचे पिंजरे बनवून देल्ले लई. वाघ काही आतून कडी मागत नाही."

मी हसलो. जैबुनबी चाची हसल्या नाहीत. "निलोफर बाहर है," त्या म्हणाल्या.

निलोफर त्यांची नात, अकरावीतली. बकऱ्या घेऊन मातीच्या ढिगाऱ्याखालच्या पडीक रानात गेली होती. ऊन उतरलं होतं. चाचांनी तिला फोन लावला. तो आमच्या मागे, घरात, चार्जिंगला वाजला.

कडीपर्यंत हात जाईना. जाळीच तशी विणलेली, बोट जाईल पण पंजा जाणार नाही. कटर बाहेर शेडमध्ये. घराचं मागचं दार चाचांनी वाघाच्याच भीतीनं विटांनी बुजवलेलं. घर गावाच्या टोकाला, हाकेच्या अंतरावर शेजार एकच. त्या शहजादला फोन केला, तर तो वणीला बाजारात. "निघूनच राह्यलो चाचा, अर्धा घंटा."

तेवढ्यात ढिगाऱ्याकडे वानरं खाकरली. एकदा, पुन्हा, मग लागोपाठ. वानर उगाच खाकरत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. रस्त्यावरचं कुत्रं उठलं आणि न भुंकता शेडमध्ये शिरलं. मी जाळीपासून दोन पावलं मागे सरलो. एरवी वाघावर मी वर्गात फार छान बोलतो.

"घाबरू नका, सर," चाचा म्हणाले. "जाळी मजबूत हाये."

"अपने वास्ते है," चाची म्हणाल्या.

मग बकऱ्या आल्या. उधळलेल्या, एकमेकींच्या अंगावर पडत, थेट जाळीला धडकल्या. त्यांच्यामागे रस्ता रिकामा. चाचींनी दोन्ही हातांनी जाळी धरून निलोफरला हाक मारली, ती ऐकून मी मान खाली घातली. चाचा एक सळई घेऊन स्वतःच विणलेली जाळी उचकटू लागले. बोटं सोलली, तार हलेना. चांगलं काम केल्याचा एवढा पस्तावा मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

बऱ्याच वेळानं वळणावर निलोफर दिसली. पळत नव्हती. बकरीचं पिल्लू छातीशी धरून, मागे न बघता, हळूहळू चालत होती. जवळ येऊन तिनं कडी उचलली.

"बसेल होता," ती म्हणाली. "रस्त्याच्या बाजूलेच. मी पळाली असती तं उठला असता."

एवढं बोलून तिनं पिल्लू खाली सोडलं. चाचींनी तिला आत ओढलं. तिच्यामागून बकऱ्याही घुसल्या. चाचा रक्ताळलेल्या बोटांनी दार धरून उभे होते, लोटायची हिंमत होत नव्हती.

अशा वेळी मला मास्तरकी सुचली. म्हटलं, "चाचा, उद्यापासून पोरीला बाहेर पाठवू नका. इतकी पक्की जाळी केलीत, आत राहू द्या."

"बकऱ्या जाळीत चरत नाही, सर," चाचा म्हणाले.