एकदांडीच्या खुणेवरून

पुण्यात पत्ता विचारून हमखास चुकायचं असेल, तर आमच्या इमारतीतल्या सरांना विचारावं. सर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सारं आयुष्य बिबवेवाडीत गेलं, पण चौक, सिग्नल, दुकानं यांचं नाव ते कधी घेत नसत. पत्ता सांगायचे तो एकदांडीवरून. ही तऱ्हा त्यांना निवृत्तीनंतर जडली. "भिंतीच्या कडेला एकदांडी दिसेल. लांब दांडीवर एकच फूल, मधे पिवळं, कडेला चार-पाच पांढुरक्या पाकळ्या. पानाला हात लावा, खरखरीत लागलं की डावीकडे वळा." आता ही एकदांडी सूर्यफुलाच्या कुळातली, कुठल्याशा उष्ण देशातून न बोलावता आलेली, आणि पुण्यात दुभाजकापासून गच्चीच्या भेगेपर्यंत कुठंही उगवते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसायचं. "तिला फारशी माती लागत नाही हो," सर कौतुकानं सांगत, "कुणी लक्ष दिलं नाही की झालं." एकदा कुरियरवाला रडकुंडीला येऊन फोनवर "सर, लोकेशन सेंड करा ना" म्हणाला, तर त्याला उत्तर मिळालं, "उभे आहात तिथं खाली बघा. काय उगवलंय?" भाचीच्या लग्नात पाहुण्यांना वाट सांगायचं काम यांच्याकडे आलं. दोन गाड्या थेट खराडीत, एका आयटी कंपनीच्या गेटवर पोहोचल्या. तिथंही एकदांडी होती. "वनस्पती त्यांनी बरोबर ओळखली," सर म्हणाले, "फाटा तेवढा चुकला." हा किस्सा आम्ही सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला सांगून हसत होतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडचे रस्ते सिमेंटचे झाले. कडा खरवडून साफ केल्या. त्याच आठवड्यात सर सकाळी सातला दूध आणायला गेले, ते दहा वाजले तरी आले नाहीत. मी शोधायला निघालो. दोन गल्ल्या सोडून ते पिशवी धरून उभे होते.

"रस्ता चांगला केलाय," ते म्हणाले. "फक्त कुठला, ते कळत नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांना घरी सोडलं, तेव्हा सरांच्या बायकोनं, काकूंनी, मला बाजूला घेतलं. "तीन वर्षं झाली. आधी चौकांची नावं गेली, मग दुकानं. झाडं तेवढी राहिली होती. कुणाला सांगू नकोस म्हणाले." मला फार लाज वाटली.

आता दुधाला आम्ही दोघं जातो. पिशवी ते माझ्या हातात देत नाहीत. प्रत्येक वळणावर थांबतात, मी "डावीकडे" म्हणतो, आणि "खात्री आहे ना?" असं विचारूनच ते वळतात. परवा शेवटच्या वळणावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"अहो, आपण राहता कुठं?"

"तुमच्याच वर, पहिल्या मजल्यावर."

"बरं झालं," सर म्हणाले. "मग बरोबरच जाऊ."